सातव्या पुलाचं कुलूप

मित्रांनो, मी 'सातपूल' नावाच्या गेमची जुनी डिस्क आहे. तुमच्यातल्या धाकट्यांनी माझ्यासारखी डिस्क कदाचित हातात धरलीही नसेल. आता गेम हवेतूनच घरात उतरतात, असं ऐकते. माझ्या काळी आम्हाला दुकानात जाऊन आणावं लागे. डबीतून काढून कन्सोलच्या फटीत सरकवलं की आम्ही गरगर फिरायला लागायचो आणि समोरच्या टीव्हीवर एक अख्खं जग उभं राहायचं. माझं वय काही फार नाही. माणसाचं मूल असते तर आत्ता कुठे पाढे म्हणत असते. पण गेमच्या दुनियेत एवढ्या वयाला म्हातारपण म्हणतात.

माझ्या पोटात एक डोंगरी वाट आहे. एक खेचरवाला आपल्या खेचरावर मीठ, कापड, औषधं लादून घराकडे निघालेला असतो. वाटेत सात नद्या लागतात, सात पूल लागतात. कुठे पुलाची फळी निखळलेली, कुठे दोर तुटलेला. ते नीट करत, वाटेत भेटेल त्याला मदत करत पुढे जायचं. सातव्या पुलापलीकडे त्याचं गाव आहे आणि गावात बाजार भरलेला आहे. तिथे पोचला की गोष्ट संपली. मारामारी नाही, बंदुका नाहीत. माणसानं घरी पोचायचं, एवढीच माझी कथा.

मला बनवणारी कंपनी परदेशातली. पण माझ्यातली पुष्कळशी चित्रं काढली गेली ती नागपुरात, रामदासपेठेतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली दातांचा दवाखाना होता आणि वर दहा-बारा पोरंपोरी दिवसभर पडद्याला डोळे लावून बसलेली असत. त्यांच्यात एक होती भावना रामटेके.

भावना लष्करीबागेत राहायची. वडील देवराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आई प्रेमिलाबाई घरी शिलाईकाम करायच्या. अर्ध्या मोहल्ल्याचे ब्लाउज त्यांच्या हातचे. पोरीनं चित्रकलेचं शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. चित्रं काढून पोट भरते काय, असं जो तो विचारी. देवराव म्हणायचे, "भरते का नाही ते पाहू ना बाप्पा. तुम्ही काहून घाई करता?" म्हणून तिला या कंपनीत नोकरी लागली त्या दिवशी देवरावांनी ज्यांनी ज्यांनी तो प्रश्न विचारला होता त्यांच्या घरी पेढे नेऊन दिले. बोलले काहीच नाहीत, नुसते पेढे दिले.

भावनाच्या वाट्याला माझा शेवटचा भाग आला, तो गावचा बाजार. वरिष्ठांनी नमुन्याला काही चित्रं पाठवली होती, पण ती तिला निर्जीव वाटली. मग ती मंगळवारी नावाच्या बाजारात जाऊन उभी राहू लागली. लसूणवाली बाई राशीवर रास कशी रचते, छत्रीला ठिगळ कुठे लावलेलं असतं, तराजू उचलताना माणूस मान कशी वाकडी करतो, ते सगळं तिनं माझ्यात आणलं. आणि बाजाराच्या टोकाला, कडुलिंबाखाली, तिनं शिलाई मशीनवर बसलेली एक बाई काढली. चष्म्याला मागून काळी दोरी, उजवा पाय मशीनच्या पायट्यावर, डावा स्टुलावरच मांडीखाली दुमडलेला. दोरा दातानं तोडायची सवय. त्या प्रेमिलाबाईच होत्या.

आवाजही त्यांचाच होता. बाजाराचा गलका कुठल्याही भाषेत चालेल, असं वरून कळवलं होतं. भावनानं एक दिवस घरात शिरताना मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. देवराव तिच्यासोबतच आत आले होते. प्रेमिलाबाईंनी मशीनवरून मान वर न करता रोजच्यासारखं विचारलं, "आले का? काहून एवढा उशीर?" तेच वाक्य माझ्यात आलं. खेचरवाला घामाघूम होऊन गावात पोचतो, कडुलिंबाजवळून जातो, आणि ती बाई त्याला विचारते, "आले का? काहून एवढा उशीर?"

घरी भावनानं एवढंच सांगितलं, "बाबा, गेम आला की शेवटपर्यंत खेळा. शेवटी आईसाठी एक गंमत आहे."

मी तयार होत आले तेव्हा एका दुपारी रामदासपेठेच्या त्या कचेरीचे प्रमुख सुमंतसर यांनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, "वरून निरोप आलाय. सहाव्या पुलापर्यंत मुख्य गेम राहील. सातवा पूल आणि बाजार वेगळा विकायचा. ज्याला पाहिजे तो पैसे भरून उतरवून घेईल."

भावनाला आधी नीट समजलंच नाही. "पण सर, मग तो घरी पोचतच नाही ना?"

"ज्यानं तो भाग घेतला, त्याचा पोचेल."

"आणि ज्यानं नाही घेतला त्याचा?"

सुमंतसरांनी खिडकीकडे पाहिलं. ते वाईट मनुष्य नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. "भावना, मीही इथे पगारावरच आहे," ते म्हणाले. "एकदा गेम विकून त्याचा खर्च निघत नाही आता. हा भाग खपला तर पुढच्या भागाचं काम आपल्यालाच मिळेल. नाही खपला तर मी तुम्हा पोरांना काय सांगू?"

बाकीची मुलं खाली मान घालून बसली होती. कुणाच्या घराचे हप्ते होते, कुणाचं लग्न ठरलं होतं. भावनाही गप्प बसली.

मग एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या चकचकीत अंगावर सगळं कोरलं गेलं, सहाही पूल, साऱ्या नद्या, खेचराच्या गळ्यातली घंटा. आणि मित्रांनो, सातवा पूलसुद्धा. बाजार, लसणाच्या राशी, कडुलिंब, प्रेमिलाबाई, त्यांचा आवाज, सगळं माझ्यात होतं. फक्त सातव्या पुलाच्या तोंडाशी एक कुलूप बसवलं आणि किल्ली कंपनीनं स्वतःजवळ ठेवली. हे रामदासपेठेतल्या त्या पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची समजूत अशी की शेवटचा भाग बाजूला काढून ठेवलाय आणि तो मागाहून वेगळा पाठवणार आहेत.

मला सीताबर्डीच्या एका दुकानातून देवरावांनी आणलं. व्हरायटी चौकातल्या गर्दीतून वाट काढत ते आले आणि दुकानदाराला म्हणाले, "सातपूल द्या. माह्या पोरीनं बनवला तो."

"पूर्ण गेम तिनंच बनवला का काका?"

"बाजार बनवला. शेवटी हाय तो. पाहिजा तुम्ही."

ऑटोत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही त्यांनी माझी डबी दाखवली. डबीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, सात पूल, एक वाट. देवरावांनी ते दोनदा वाचून दाखवलं. त्या माणसाला गेममधलं काही कळत नव्हतं, पण तो म्हणाला, "नशीबवान हाय गा तुम्ही." इतक्या प्रेमानं मला पुन्हा कुणी कुठे नेलं नाही.

भावनानं पहिल्या पगारातून एक जुना कन्सोल घेऊन ठेवला होता. देवराव त्याच्यासमोर बसले. उभं आयुष्य त्यांनी पत्रं वेगवेगळ्या खान्यांत टाकण्यात घालवलेलं, त्यामुळे बोटं चपळ होती. पण अंगठे सांगितलेलं ऐकेनात. पहिल्या दिवशी खेचर इतक्यांदा नदीत पडलं की प्रेमिलाबाई मशीन थांबवून म्हणाल्या, "भावनाचे बाबा, सोडून द्या ना त्या मुक्या जनावराले. कायले जीव घेता त्याचा?"

"तू शीव वं तुह्ये ब्लाउज. मी पोचतो का नाही पाय."

भावना मदत करायला जाई तर तिलाही ते हात लावू देत नसत. "तू नको सांगू. मले माह्या पायानं जायचं हाय तिथपर्यंत."

आणि भावनाला खरं सांगायचा धीर होईना. तिला वाटलं, बाबा दुसऱ्या पुलापुढे जायचेच नाहीत. कंटाळतील, ठेवून देतील. पण देवराव कंटाळले नाहीत. त्यांचे मित्र रुपराव रोज चहाला यायचे, तेही आता बाजूला खुर्ची टाकून बसू लागले. "डावीकडं, देवराव, डावीकडं! पडलं ना आता!" असा गलका चाले. चौथा पूल पार झाला तेव्हा दोघांनी एकमेकांना टाळी दिली. ते माझे सुखाचे दिवस होते. मी फिरून फिरून गरम व्हायचे, आणि समोर दोन म्हातारी माणसं पोरांसारखी हसत असायची.

एका रविवारी सकाळी सहावा पूल झाला. आता पुढचा शेवटचा. देवरावांनी प्रेमिलाबाईंना मशीनवरून उठवून समोर आणून बसवलं. "भावना, ये वं! तुह्या बाजारात चाललो आम्ही!"

भावना आतल्या खोलीत होती. ती दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

खेचरवाला सातव्या पुलाच्या तोंडाशी आला. पलीकडे धुक्यात गावाचे दिवे दिसत होते. आणि टीव्हीवर पाटी आली, 'वाट इथे संपलेली नाही! सातवा पूल विकत घ्या.' खाली किंमत होती. प्रेमिलाबाईंना चार-पाच ब्लाउज शिवून मिळतील एवढी.

देवरावांनी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा तीच पाटी. "बिघडला काय?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," भावना म्हणाली. "तसाच आहे तो. शेवटचा भाग वेगळा घ्यावा लागते."

रुपराव म्हणाले, "म्हणजे हे तर असं झालं देवराव, पत्रिका देऊन बोलावलं, मांडवात बसवलं, आन् पंगतीत पान वाढाच्या टायमाले कूपन मागतलं."

"आन् माही गंमत कुठं हाय?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"पलीकडे आहे आई. मी तुले काढलं तिथं. मशीनवर बसलेलं."

प्रेमिलाबाई पोरीकडे पाहतच राहिल्या. "म्हणजे मले पाहाले पैसे लागते काय?"

कुणी हसलं नाही. भावनाचा चेहरा उतरला. तिला राग आला, पण कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तो तिनं घरच्यांवरच काढला. "तुम्ही असं काहून बोलता? त्यात आमची मेहनत आहे ना! पुस्तकाचा दुसरा भाग निघाला तर आपण विकतच घेतो का नाही बाबा?"

"घेतो," देवराव म्हणाले. "पण पहिल्याच पुस्तकाचे शेवटचे पानं फाडून त्याले दुसरा भाग म्हटलं, तर नाही घेत."

"फाडले नाहीत बाबा. वेगळं ठेवलं ते. मागून पूर्ण करून पाठवून राहिले. आणि ते विकलं तरच आम्हाले पुढचं काम भेटते. दहा-बारा घरं चालून राहिले त्याच्यावर. फुकट कसं द्यायचं सगळं?"

पोरीचं म्हणणं देवरावांना पटलं होतं, की पोरीचं तोंड पाहवलं नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. ते उठले, कपाटातून आपलं बँकेचं कार्ड काढून आणलं. "घे. भर पैसे. पोट्टीच्या कामाचे पैसे द्याले बापाले कायची लाज?"

भावनानं पैसे भरले. बाजार मोठा होता; उतरायला संध्याकाळ होईल, असा तिचा अंदाज. घरचं इंटरनेट तर बैलगाडीच्या चालीचं. "प्रेमिला, चहा मांड," देवराव म्हणाले. "आता बसा वाट पाहत."

प्रेमिलाबाईंनी गॅस पेटवला नव्हता तोच पूल उघडला.

"तुमचं नेट भलतंच जोरात हाय गा!" रुपराव म्हणाले.

खेचरवाला धावत पूल ओलांडून गावात शिरला. लसणाच्या राशी, ठिगळाच्या छत्र्या, वाकडी मान करून तराजू धरलेला माणूस. देवराव सावकाश, एकेका दुकानापाशी थांबत चालले होते. "हे पाय, हे आपल्या मंगळवारीतलंच हाय सारं." मग कडुलिंब आला. त्याच्याखालून आवाज आला, "आले का? काहून एवढा उशीर?"

प्रेमिलाबाई ओल्या हातानं धावत बाहेर आल्या. स्वतःकडे पाहून आधी त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "अवं बाई! माहा पाय असाच ऱ्हाते काय वं दुमडलेला? आन् चष्म्याची दोरी पण दाखवली मेलीनं!" देवरावांनी खेचरवाल्याला मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. रुपरावांनी मोबाईलवर फोटो काढला.

भावना मात्र हसत नव्हती. ती पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे पाहत होती. पैसे भरल्यावर बाहेरून जे आलं होतं ते एखाद्या साध्या फोटोएवढंही नव्हतं.

"काय झालं वं?" देवरावांनी विचारलं.

"बाबा, बाहेरून काहीच आलं नाही. हे यातच होतं."

"कशात?"

"सीडीत. तुम्ही दुकानातून आणली तेव्हापासून बाजार हिच्यातच आहे. आई हिच्यातच आहे."

देवरावांच्या हातातला खेळ थांबला. "मंग मी पैसे कायचे देल्ले?"

"कुलूप उघडाचे," भावना म्हणाली. एवढं बोलून ती आत निघून गेली. चहा त्या दिवशी राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं सुमंतसरांना गाठलं. ते म्हणाले, "डिस्क छापायला गेली तेव्हा तुमचं काम झालेलंच होतं. तयार माल वेगळा कुठे ठेवणार?" आणि मग हळूच, "तुझा पगार वेळेवर झाला ना?" झाला होता.

मित्रांनो, मी कडवट झाले आहे, पण खोटं बोलणार नाही. पैसे घेऊन विकलेला प्रत्येक भाग वाईट असतो असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी त्याच पोरांनी 'पावसाळी वाट' नावाचा एक भाग बनवला. तो माझ्यात नव्हता. माझ्या जन्मानंतर कितीतरी महिने राबून त्यांनी तो घडवला होता. नव्या नद्या, जळवा, दरड कोसळलेला घाट, आणि खेचराच्या सोबतीला एक खोडकर शिंगरूही. तो बाहेरून आला आणि माझ्याशी जोडला गेला, तेव्हा मी पुन्हा तरणी झाले. देवरावांनी त्याचे पैसे हसत भरले. "हे पाय, हे कसं नवीन हाय. याचे देल्ले तर मनाले काही वाटत नाही."

पण तो भाग फारसा खपला नाही. कुलपाचे पैसे जगभरातल्या लोकांनी भराभरा भरले होते, कारण घरी पोचायची ओढ सगळ्यांनाच होती. घरी पोचल्यावर पुन्हा नव्या वाटेला लागणारे थोडे निघाले. कंपनीनं यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. नवी वाट बनवायला माणसं लागतात, कुलूप बनवायला लागत नाहीत. मग खेचराचं सोनेरी खोगीर विकायला आलं, घंटेचे वेगळे आवाज आले, पूल दुरुस्त न करताच ओलांडायचे परवानेही आले. या कशालाच बाजार काढणारी पोरगी लागत नव्हती. रामदासपेठेतला तिसरा मजला रिकामा झाला. ज्या कामासाठी भावना त्या दुपारी गप्प बसली होती, ते काम गेलं. सुमंतसरही गेले.

भावनानं महिनोन्महिने नोकरी शोधली. पुण्याहून एक बोलावणं आलं होतं, पण आईच्या गुडघ्यांचं दुखणं तेव्हा वाढलेलं, म्हणून गेली नाही. आता ती लकडगंजात एका फ्लेक्सच्या दुकानात बसते. वाढदिवसाचे फलक करते. पुढाऱ्यांच्या गालावरच्या सुरकुत्या पुसते, केस काळे करते. तिथे तिला कुणी विचारत नाही की लसणाची रास कशी रचतात.

मी डबीत गेले आणि डबी कपाटावर गेली. कन्सोलवर धुळीचा थर बसला. तक्रार नाही, जुन्या खेळाचं असंच होतं.

मग गेल्या वर्षी प्रेमिलाबाईंचे गुडघे अगदीच गेले. पाय दुमडणं तर सोडाच, पायटाही दाबवेना. डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं. नुसतं समोर ठेवून काय करायचं, म्हणून त्यांनी ते शेजारच्या गोपिकाला देऊन टाकलं. मशीनची जागा रिकामी झाली, आणि प्रेमिलाबाई दिवसभर त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसू लागल्या. बोलणं कमी झालं. कोणी घरात आलं तरी काहून उशीर केला, असं त्या विचारत नसत.

देवरावांना माझी आठवण झाली. कन्सोल चालू होईना, तर त्यांनी तो सीताबर्डीला नेऊन दुरुस्त करून आणला. मला पुसून फटीत सरकवलं. "चाल," ते बायकोला म्हणाले, "तुले तुह्या मशीनवर बसवतो."

प्रेमिलाबाई बऱ्याच दिवसांनी थोड्या हसल्या. देवरावांचे अंगठे आता आणखी जड झाले होते, तरी त्यांनी रोज थोडं थोडं करत सहाही पूल पुन्हा ओलांडले. सातव्याच्या तोंडाशी आले. आणि तीच पाटी.

दुरुस्तीत कन्सोलची आठवण पुसली गेली होती. पैसे भरून मिळालेली किल्ली त्या आठवणीतच होती, ती पुन्हा मागवायला हवी होती. देवरावांनी बटण दाबलं तर दुसरी पाटी आली, या कन्सोलसाठी आमचं दुकान बंद झालं आहे.

त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. अस्मिता नावाच्या मुलीनं उचलला. देवरावांची मोडकी हिंदी ऐकून ती स्वतःहून मराठीत बोलू लागली. गोड बोलली बिचारी.

"काका, आपला व्यवहार दिसतोय मला. पण आपण तो भाग विकत घेतला नव्हता. तो वापरायची परवानगी घेतली होती."

"कोणाची परवानगी?"

"कंपनीची."

"बाई, माह्याच पोरीनं काढलं ते. माही बायको हाय त्याच्यात. बायकोले पाहाची परवानगी घेतली होती काय मी?"

अस्मिता म्हणाली, "काका, सगळ्या भागांसकट नवी आवृत्ती आली आहे. पण तिला नवा कन्सोल लागेल."

"घेतो. बाजार हाय ना त्याच्यात?"

"आहे. पण बाजार नव्यानं केलाय, काका. चित्रं सगळी वेगळी आहेत."

देवरावांनी तिला जयभीम म्हटलं आणि फोन ठेवला. तिच्यावर ते रागावले नाहीत. रागवायला समोर कुणी नव्हतंच.

संध्याकाळी भावना दुकानातून आली तेव्हा सगळं कळलं. "तुह्याजवळ नाही काय वं एखादी कॉपी?" देवरावांनी विचारलं. नव्हती. काम कंपनीचं होतं. निघताना तिची बॅगसुद्धा तपासली होती. रुपरावांचा फोटो शोधला, तर टीव्हीच्या काचेवर ट्यूबलाइट अशी चमकली होती की मशीन दिसत होतं आणि चेहरा नव्हता. लोकांनी खेळताना टाकलेले व्हिडिओ भावनानं धुंडाळले. सगळे जण बाजारातून धावत सुटतात. कडुलिंबापाशी थांबलेलं कुणी नव्हतं. एका ठिकाणी फक्त "आले का" एवढं ऐकू आलं आणि पुढचं वाक्य खेचराच्या टापांत बुडालं.

"इथं कागदावर काढ ना मले," प्रेमिलाबाई म्हणाल्या. भावनानं पेन्सिल घेतली, आईसमोर बसली. एक-दोन रेघा ओढल्या. मग तिच्या लक्षात आलं की तिनं आईच्या गालावरच्या सुरकुत्या आपोआपच गाळल्या आहेत. तिनं कागद चुरगळला आणि पेन्सिल खाली ठेवली.

प्रेमिलाबाईंनी मला कन्सोलमधून काढायला लावलं. हातात घेऊन उजेडात धरलं, पदरानं पुसलं. "खराब झाली काय वं ही?"

"नाही आई. एक ओरखडासुद्धा नाही."

"मी हाय ना हिच्यात?"

"आहेस."

"मंग?"

प्रेमिलाबाईंनी मला डबीत ठेवलं आणि झाकण लावून घेतलं.

मित्रांनो, हरवलेल्या वस्तूसाठी माणूस रडून मोकळा होतो. मी हरवले नाही, फुटले नाही. माझ्यातला बाजार आजही भरलेला आहे, म्हणून या घराला धड रडताही येत नाही. तुम्ही एखादा गेम घ्याल तेव्हा दुकानदाराला एवढं विचारा की यात जे आहे ते सगळं माझं ना, आणि उद्याही माझंच राहील ना? आणि तुमच्यातलं कुणी मोठं होऊन गेम बनवणार असेल, तर माझं ऐका. नवं घडवा आणि त्याचे पैसे ताठ मानेनं मागा. राबणाऱ्याला ते मिळालेच पाहिजेत. पण लोकांना घराच्या दाराशी आणून दार लावू नका. आणि कुणाची आई कुलपात ठेवू नका.